मालकाच्या मिशांचा हातमोजा

विषय : एका मुलीस शाळेत प्रवेश मिळणेबाबत.
संदर्भ : मी स्वतः. डावा हातमोजा, जाड रबरी, रंग पिवळा.

वरील विषयास अनुसरून मी बोलतोय. माझी पहिली नेमणूक बाटल्या धुण्याच्या कारखान्यात झाली. मालकाने सगळे हातमोजे एकाच मापाचे घेतले. त्याच्या मते हात म्हणजे हात! आईबरोबर तिथे कामाला येणाऱ्या छोट्या पिटुकलीने मला घातलं की बोटांची टोकं रिकामी लोंबायची, बाटली निसटायची, मग बोलणी. शेवटी तिने मला खुंटीला टांगलं आणि उघड्या हातांनी काम केलं. काच तिची बोटं कापायची. मी खुंटीवर सुखरूप. सुरक्षेच्या साधनाची एवढी काळजी क्वचितच कुणी घेतली असेल.

रविवारी वस्तीत एक चित्रकलेच्या बाई यायच्या. म्हणाल्या, "बिनकामाचं काहीतरी आणा, त्याची बाहुली करू." पिटुकलीने मला नेलं. मला बटणांचे डोळे आले, लोकरीच्या मिशा आल्या. रिकामी टोकं आत खोचली आणि प्रथमच मी कुणाच्या तरी मापाचा झालो.

"हा कोण गं?"

"मालक," ती पुटपुटली. एरवी तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

बाहुल्यांच्या खेळाला सगळ्या पोरांच्या आया आल्या. पडद्याआडून पिटुकली माझ्या तोंडून गुरगुरली, "आमच्याकडे पोरं कामाला नाहीतच! आईबरोबर येतात, खेळतात!"

"मग बोटं कशी कापली, मालक?" बाईंनी विचारलं.

"खेळताना लागलं!"

हशा पिकला. पिटुकलीची आई तेवढी हसली नाही. शेजारणींना ती स्वतः हेच सांगत आली होती.

घरी तिने लेकीचा हात हातात घेतला. "दुखतं का गं?"

पिटुकलीने मला हातावर चढवलं.

"दुखतं," मी म्हणालो.

आईने माझ्यासकट तो हात गालाशी धरला. "उद्यापासून तू यायचं नाहीस. मी बघते काय ते."

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. कारकुनाने जन्माचा दाखला मागितला.

"दाखला नाही हो साहेब. मुलगी आहे."

मुलगी समोर उभी होती. ती जन्मली होती याचा पुरावा मात्र हवा होता. अर्ज तेवढा ठेवून घेतला.

आई आता एकटीच बाटल्या धुते. माझा उजवा भाऊ तिच्या हातात नीट बसतो. पिटुकली रोज मला घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसते आणि मधल्या सुट्टीत पोरांना गोष्ट सांगते. हल्ली मिशांशिवायही सांगते.

तरी कृपया लवकर निर्णय व्हावा, ही विनंती.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.