तात्यासाहेबांचा हिस्सा

चिकलठाण्याची बियाण्यांची कंपनी तात्यासाहेबांनी उभी केली, पण गेली काही वर्षं ती सांभाळत होती त्यांची लेक तनुजा. नेदरलँड्सच्या एका कंपनीला ती विकत हवी होती. सगळी मात्र नको होती. एक्कावन्न टक्के त्यांचे, बाकीचे घरच्यांकडेच.

"इथला शेतकरी कंपनी बघून नाही, माणूस बघून आपल्या रानात बियाण्याचा प्लॉट घेतो," त्यांचा अधिकारी पीटर म्हणाला होता. "तो माणूस आम्हाला सोबत हवाय."

तो माणूस विसरत चालला होता, हे फक्त तनुजाला ठाऊक होतं.

करार व्हायच्या आधी पीटर घरी जेवायला आला. तात्यासाहेब खुशीत होते. लासूर स्टेशनच्या कोणत्या रानात कांद्याचं बी चांगलं भरतं, कुणाच्या विहिरीचं पाणी खारं, सगळं सांगत होते. तनुजा ते इंग्रजीत सांगत होती. मधेच थांबून त्यांनी तिला विचारलं, "हे पाहुणे कोण गं?"

"काय म्हणाले?" पीटरनं विचारलं.

"अजून एक भाकरी घ्या म्हणतात."

पीटरनं हसत घेतली.

"कशाला आलेत?" तात्यासाहेब.

"आपली कंपनी घ्यायला, तात्या."

"मग देऊन टाक की. अन् मला घरी ने, लई उशीर झालाय."

ते स्वतःच्याच घरात बसले होते. पीटर भाषांतराची वाट बघत होता. ही वेळ आली की आपण कोलमडू, असं तनुजाला वाटायचं. तसलं काही झालं नाही. तिनं ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

पीटरनं भाकरी ताटात ठेवली.

नवा मसुदा आला तो शंभर टक्क्यांचा, तनुजाच्या जागी मॅनेजरही त्यांचाच. तनुजाचे वकील चिडले. "ताई, भांडा! तुम्ही आहात की."

"प्लॉट माझ्या तोंडाकडं बघून कुणी घेतले नाहीत," ती म्हणाली. आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

तात्यासाहेबांचं डोकं लख्ख होतं अशा एका सकाळी वकिलांनी आपल्या ऑफिसात, डॉक्टरांसमोर त्यांना सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं, दोनदा प्रश्न विचारले आणि सही केली. मग लेकीकडं बघितलं.

"माझं झालं. आता तू काय करशील?"

तिनं त्यांच्या हातातला पेन घेतला, चपला पायाशी सरकवल्या आणि त्यांना धरून जिना उतरवला.