अन्नपूर्णाबाईच्या वावरात माझी दवंडी

मी जुनी डफडी आहे, मित्रांनो, पण माझा आवाज अजून म्हातारा झालेला नाही. शिसवाचं कडं, बकरीचं कातडं आणि वर तुळशीराम कोतवालाची काडी, एवढ्यावर मी जानेफळजवळच्या आमच्या गावाला जागं ठेवलं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. कायद्याची बातमी गावात माझ्याच तोंडून यायची. 'विहिरीवर जातीवरून कोणाला अडवाल तर खटला होईल,' असं मी वाजवलं आणि त्याच सकाळी, आजवर विहिरीपासून लांब उभं राहावं लागणाऱ्या भिमाबाईने सगळ्यांसमोर घागर भरली. 'हुंडा मागणं आता गुन्हा आहे,' असं वाजवलं, तेव्हा पारावरचे म्हातारे एकदमच खोकले. मला तर हसूच आलं.

पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस अन्नपूर्णाबाईचा. तिचा नवरा वारला आणि दीर गुलाबराव तिच्या वाट्याचं शेत दाबून बसला. बाईमाणसाला जमीन कशाला, असं म्हणायचा. ती मेहकरच्या कोर्टात गेली. नव्या कायद्याने विधवेलाही वाटा होता. ती जिंकली.

आता रीत अशी, की कोर्टाच्या माणसाने, बेलीफाने, शेतात उभं राहून दवंडी पिटवायची, तेव्हाच ताबा मिळाला असं धरायचं. गुलाबरावाला हे ठाऊक होतं. त्याने सकाळीच चावडीत शिरून मला हौदात बुचकळलं.

शेतात तुळशीरामाने काडी मारली, तर चिखलात पाय पडल्यासारखा आवाज आला. शेजारच्या शेतातल्या बायांनाही तो ऐकू गेला नाही. शरमेने मेल्यासारखं झालं मला.

"वाजव ना बे तुळशीराम, काऊन थांबला?" गुलाबराव हसला. त्याचं औत जुंपून तयार होतं.

बेलीफ म्हणाला, "दवंडी झाल्याशिवाय ताबा दिला असं मला लिहिता येत नाही. पुढची तारीख घ्या."

पुढची तारीख म्हणजे पेरणी गुलाबरावाची आणि पीकही त्याचंच.

"साहेब, जरा बसा," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिने बांधावरच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून जाळ केला आणि मला त्यावर धरलं.

"वयनी, भाकर भाजून राह्यल्या का?" गुलाबरावाने विचारलं.

"हो भाऊजी, तुमच्यासाठीच. गरम गरमच वाढते."

"हळू बाई, फाटन ते," तुळशीराम म्हणाला.

फाटेन कशी? तिने मला फिरवत फिरवत शेकलं. माझं कातडं ताठ झालं, तशी मीही ताठ झाले. तुळशीरामाने बोटाने टिचकी मारून पाहिली, मग काडी उचलली आणि मी अशी कडाडले, की शेजारच्या बाया धसकटं वेचणं टाकून उभ्या राहिल्या.

"ऐका हो, कोर्टाच्या हुकमानं या वावराचा ताबा अन्नपूर्णाबाईले देला हाये."

गुलाबरावाने जुंपलेलं औत सोडलं.

"तुळशीराम, मले दे ते काडी," अन्नपूर्णाबाई म्हणाली. बाईने डफडी वाजवलेली आमच्या गावात कोणी पाहिली नव्हती. ती मला वाजवत चारही बांधांवरून फिरली, आणि मागून सगळ्या बाया.

आता ग्रामपंचायतीत भोंगा आलाय आणि मी खुंटीवर आहे. मित्रांनो, मला दमटात ठेवू नका, कधीमधी शेक द्या. आणि कोर्टाने तुमचा हक्क तुम्हाला दिला, तर तो घडी घालून पेटीत ठेवू नका. आपल्या वावरात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. मी येते वाजायला.