हुंकार देणारी

टण्ण.

दुपारची सामसूम त्या एका आवाजानं मोडली. आतल्या खोलीत स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला होता. नूपुर उद्याच्या पुरणासाठी डाळ निवडत बसली होती. ओढणीला हात पुसून ती उठली. वाटी वाजली म्हणजे सासूबाईंना काहीतरी हवंय. आणि ते काहीतरी म्हणजे काय, हे शोधून काढणं हाच घरातला मोठा उद्योग होऊन बसला होता.

होळीच्या सुमारास प्रेमलताबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. पाय ओढत का होईना, त्या चालायला लागल्या. पण बोलणं पूर्वीचं राहिलं नाही. शब्द यायचे, ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे, कडा गळून पडलेले. आणि एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत एवढं मोठं पटांगण असायचं, की ऐकणाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा.

"काय पाहिजे आई? पाणी आणू? पंखा कमी करू? पाठ दुखते का?"

प्रेमलताबाई मान हलवत राहिल्या. नाही. नाही. नाही. डावा हात उचलून त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. तिथे सकाळीच महालक्ष्म्या बसल्या होत्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींना नव्या साड्या, पुढ्यात त्यांची दोन बाळं. देवींच्या समोर एक लाकडी पाट मांडलेला होता. बोट त्या पाटावर जाऊन थांबलं, मग वळून त्यांच्या स्वतःच्या छातीला लागलं.

नूपुरनं पाटाकडे पाहिलं.

"कहाणी? उद्याची कहाणी तुम्हाला सांगायचीय?"

सासूबाईंनी डोळे मिटले, उघडले. हो.

या घराण्यात महालक्ष्म्यांची कहाणी पुस्तकातून वाचत नाहीत. घरातली मोठी बाई ती तोंडानं सांगते, आणि ती ज्या वर्षी सांगू शकत नाही, त्या वर्षापासून तो पाट दुसरीचा. एकदा पाट सुटला की परत मिळत नाही. प्रेमलताबाईंना त्यांच्या सासूकडून तो मिळाला, तेव्हा नूपुर या घरात यायची होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंना कहाणी सांगताना ऐकून ती हातातल्या अक्षता टाकायचीही विसरली होती. बोलता बोलता ही बाई गाव उभं करायची, चूल पेटवायची, माणसं रडवायची आणि शेवटी सगळ्यांना जेवायला बसवायची.

"बोलाल ना, नक्की बोलाल," नूपुर म्हणाली, आणि स्वयंपाकघरात येऊन तिनं सगळ्यात आधी फोन हातात घेतला.

हा फोन त्याचसाठी तर घेतला होता. जाहिरात पाहिली तेव्हा तिच्या डोळ्याला पाणी आलं होतं. जाहिरातीत एक म्हातारे आजोबा अडखळत, तोतरं काहीबाही बोलतात. फोन त्यांचं बोलणं ऐकतो आणि त्यांच्याच आवाजात, पण स्वच्छ, नातवाला सांगतो, 'ये, माझ्याजवळ बस.' बस, एवढंच. कृत्रिम बुद्धिमत्ता की काय ते तिला फारसं कळत नव्हतं. पण माणसाच्या अडकलेल्या बोलण्याला हात देऊन बाहेर काढणारं यंत्र माणसानंच बनवलंय, या विचारानं ती रात्रभर भारावून गेली होती. केयूर, तिचा नवरा, म्हणाला, "अगं, सध्याचा फोन चांगला चालून राहिला ना." तरी दुसऱ्याच दिवशी दोघं धरमपेठेतल्या दुकानात उभी होती.

दुकानातला सौरव नावाचा पोरगा मोठा गोड बोलायचा. "ताई, फोनमधे सब कुछ आहे. फक्त ते फीचर अपडेटमधे येईल. अपने आप येऊन जाईल, तुम्ही टेन्शनच नका घेऊ."

सेटिंगमध्ये त्या सोयीचं बटन होतं. राखाडी. दाबलं तरी दबायचं नाही. खाली बारीक अक्षरात 'लवकरच'. अक्षय तृतीया झाली, बटन राखाडी. आषाढ लागला, बटन राखाडी. एकदा अपडेट आलं. नूपुर देवापुढे बसावं तशी फोनपुढे बसली. नवे इमोजी आले होते, आणि फोटोतून नको असलेला माणूस पुसून टाकायची सोय.

"इथं असलेल्या माणसाला बोलतं करायचंय, तर हे माणसं पुसून राहिले," ती केयूरला म्हणाली. तो हसला.

मदतकेंद्रावरच्या मुलीनं तर कमालच केली. "मॅम, सध्या ही सुविधा इंग्रजीत आहे. पेशंट इंग्रजी बोलू शकतात का?"

"अहो, मराठी बोलता येईना म्हणून तर फोन घेतला!"

"आपल्या भावना मी वर कळवते, मॅम."

भावना वर जाऊन कुठं बसल्या, देव जाणे. आज मात्र सकाळपासून फोनवर एक नवं अपडेट उतरत होतं. गोल चक्र फिरत होतं. नूपुरनं मनातल्या मनात दोन्ही महालक्ष्म्यांना विनवलं, बायांनो, तुमचीच कहाणी आहे. तुम्हीच काय ते करा.

संध्याकाळी सिंधूताई कामठीहून आल्या. प्रेमलताबाईंच्या धाकट्या जाऊ. एका हातात अंबाडीची जुडी, दुसऱ्या हातात छापील पोथी.

"काय वं नूपुर, किती वाळली! जेवते का नाही?" चपला काढता काढताच त्यांनी सुरुवात केली. "अन् हे पाह्य, पोथी आणली म्या. उद्या मी वाचतो. वहिनीच्या जिवाले त्रास काहून देता?"

"काकू, आईंना सांगायचीय."

"कशी सांगंल वं? एका शब्दाले बसच्या दोन खेपा होऊन जाते." त्यांनी आवाज खाली आणला. "मले का हौस आहे त्या पाटाची? पण कहाणी राहिली तर कसं होईल, बाप्पा!"

हौस होती. थोडी होती. पण काळजीही खोटी नव्हती. आत पलंगावर प्रेमलताबाईंनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या कुशीत नूपुरची पोरगी रितिका, अजून पाच पूर्ण व्हायची होती, आजीच्या लुळ्या हाताच्या बोटांना एकेक करून टिकल्या लावत बसली होती.

दुसऱ्या दिवशी घर पुरणाच्या आणि आंबिलीच्या वासानं भरलं. सोळा भाज्यांचं पातेलं, कढी, वडे, ज्वारीची आंबील. शेजारच्या बाया आल्या, हळदीकुंकू झालं. अपडेटही पुरं झालं होतं. फोडणीत मोहरी तडतडत असताना नूपुरनं सेटिंग उघडलं. बटन निळं झालं होतं! तिनं दाबलं. पडद्यावर भाषांची भली मोठी यादी उलगडली. ती बोटानं खाली खाली जात राहिली, आणि अगदी तळाशी तिला आपली मराठी सापडली. राखाडी. 'लवकरच'.

मोहरी करपली.

तरी तिनं हट्ट सोडला नाही. नवी सोय नाही तर नाही. साधं बोलणं ऐकणारं तरी फोनमध्ये काहीतरी आहे ना? आजची वेळ मोठी आहे, कोण जाणे, ऐकेलही. प्रेमलताबाईंना तिनं हाताला धरून पाटावर बसवलं, नवी साडी सावरून दिली, आणि फोन त्यांच्या गुडघ्याजवळ ठेवला. सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या. सिंधूताईंनी पोथी मिटूनच ठेवली, पण पानात बोट घालून.

प्रेमलताबाईंनी देवींकडे पाहिलं. ओठ हलले.

"ए... ए..."

मग ते पटांगण. एवढं मोठं. कुणाची तरी बांगडी वाजली.

"माफ करा," फोन लख्ख आवाजात म्हणाला, "मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

कुणीतरी फस्सकन हसलं. प्रेमलताबाई थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. "ए... गा..."

"माफ करा, मला—"

नूपुरनं झडप घालून फोन बंद केला. तिचे कान तापले होते. सासूबाईंचा चेहरा पाहवेना, आणि त्यांना सोडवावं म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "एक गाव होतं, हो ना आई? गावात एक म्हातारी? की राजा होता? आई, राजा का?"

प्रेमलताबाईंनी डोळे मिटून घेतले. हे कालचं 'हो' नव्हतं. प्रश्नांच्या माऱ्यापुढे रोजच मिटायच्या तसे मिटले होते.

सिंधूताईंनी सुस्कारा टाकून पोथी उघडली.

तेवढ्यात कुणाच्या तरी पायांमधून वाट काढत रितिका पुढे आली. पाटाला खेटून मांडी घालून बसली. हनुवटी तळहातावर टेकली. आणि म्हणाली, "हूं."

एवढंच. गोष्ट ऐकणाऱ्यानं सांगणाऱ्याला द्यावा तसा तो हुंकार होता. घाई नव्हती त्यात, मदतही नव्हती. नुसतं 'मी आहे इथं' एवढंच होतं.

प्रेमलताबाईंनी डोळे उघडले. "ए... गा... ओ..."

"हूं."

पुन्हा ते लांबलचक रितेपण. बाया चुळबुळल्या. रितिका चुळबुळली नाही. अंगणात पाऊस पडताना खिडकीत बसून पाहावं, तशी ती आजीच्या तोंडाकडे पाहत होती. पुढचा थेंब पडणारच आहे, मग घाई कशाला? प्रेमलताबाईंच्या ओठांतून आणखी काही निघालं, गळके, ओले, अर्धे शब्द. रितिकानं ते पुरते येऊ दिले आणि मग सगळ्यांकडे वळून सांगितलं, "आजी म्हणते, एक गाव होतं. तिथं एक बाई राहे. तिच्याजवळ मूठभरच ज्वारी होती."

"मनचंच सांगून राहिली पोरगी," सिंधूताई पुटपुटल्या.

"नाही. आजी सांगते." रितिकाला राग आला नव्हता, ती फक्त माहिती देत होती. "हूं, आजी."

आणि कहाणी चालू लागली. लंगडत, थांबत, पण चालू लागली. दारात दोन अनोळखी बहिणी आल्या. रात्र झाली म्हणाल्या, जागा दे. बाईनं मूठभर ज्वारीची आंबील चढवली. आजीचे चार तुटके आवाज, पोरीचा हुंकार, आणि मग पोरीचं वाक्य. एकदा रितिका म्हणाली, "आंबील खूप झाली," तर प्रेमलताबाईंनी जोरात मान हलवली, डावा हात उभा धरला. रितिका थांबली, वाट पाहिली, ऐकलं. "चुकलं, चुकलं. आंबील इतकी घट्ट अन् इतकी झाली, का पळी उभीच राहिली." प्रेमलताबाई हसल्या. अर्ध्याच तोंडानं, पण झटक्यानंतर पहिल्यांदा.

"मग थोरलीचे पाय," रितिका म्हणाली, "चिखलानं भरून होते. ती उंबऱ्यातच उभी. लाजून राहिली. तं धाकटीनं आपल्या नव्या पदरानं तिचे पाय पुसले. म्हणूनशान आपण थोरलीले आधी आत घेतो, अन् दारात पाण्याचा तांब्या ठेवतो."

सिंधूताईंच्या हातातली पोथी खाली पडली.

"अवं माय," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "पदरानं पाय पुसले... हे तं सासूबाई सांगत होत्या. माझ्या लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं त्यांनी. हे पोथीत नाही. मी तं विसरूनच गेली होती." त्यांनी रितिकाकडे पाहिलं, मग जावेकडे. "वहिनी, तुमी सांगून राहिल्या! खरंच सांगून राहिल्या!"

नूपुर भिंतीला टेकली. इतक्या वर्षांच्या कहाण्यांत तिनं हे ऐकलं नव्हतं, की ऐकून सोडून दिलं होतं? या घरातल्या दारात दरवर्षी तांब्या ठेवताना तिनं कधी 'काहून' असं विचारलंच नव्हतं. तिला उन्हाळ्यातल्या सगळ्या दुपारी आठवल्या. ती कूलरसमोर डोळा लागून पडलेली असायची, आणि आतल्या खोलीतून अधूनमधून 'हूं' ऐकू यायचं. पोरगी खेळतेय, असं वाटायचं तिला. खेळत नव्हती ती. ऐकत होती. आणि आपण? पाणी? पंखा? पाठ? फोन तरी दोन सेकंद थांबत होता, आपण तेवढंही थांबलो नाही. ज्याची इतके महिने वाट पाहिली, ते तिच्या घरात, तिनंच शिवलेल्या फ्रॉकमधे वाढत होतं, आणि कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. ही एवढीशी पोर! आणि या पोरीच्या आत कितीतरी जुनी बाई बसलेली!

साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ झाली. अक्षता उडाल्या. सिंधूताई उठल्या आणि त्यांनी पाटावर बसलेल्या जावेच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठता उठता म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तुमीच. अन् हिले सोबत बसवजा. मी आपली वडे तळतो."

पंगत बसली, उठली. शेजारच्या बाया द्रोण घेऊन गेल्या. प्रेमलताबाई पलंगावर दमून झोपल्या, तोंडावर अजून ते अर्धं हसू. नूपुर त्यांच्या पायाशी बसून राहिली, कितीतरी वेळ काही न विचारता.

बाहेर महालक्ष्म्यांसमोर रितिका एकटीच बसली होती. समोर नूपुरचा फोन. तिनं वाटीतल्या उरलेल्या अक्षता चिमटीनं उचलून फोनच्या काळ्या पडद्यावर ठेवल्या.

"हे काय करून राहिली, पिल्लू?"

"त्याले दिल्याच नव्हत्या कोणी. अक्षता नसतील तं कहाणी कशी ऐकेल तो?" तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "मम्मी, याले आजीचं काहून समजत नाही?"

"शिकून राहिला तो, बेटा. त्याला अजून आपली भाषा शिकवायची आहे त्या लोकांना."

"कधी येईल त्याले?"

"लवकरच." शब्द तोंडातून गेला आणि नूपुरला तो ओळखीचा वाटला. राखाडी.

"लवकरच म्हणजे पुढच्या महालक्ष्म्यांले?"

"कदाचित. कदाचित त्याच्या पुढच्या."

रितिकानं थोडा विचार केला. आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे आजीचा श्वास संथ वरखाली होत होता. मग एकेक अक्षत पुन्हा नीट रांगेत लावत, अगदी सहज, उद्या शाळा आहे का विचारावं तसं तिनं विचारलं,

"मम्मी, तो शिकून येईल तेव्हा आजी राहील ना, त्याले सांगायला?"