माझ्याखाली कोणीच नाही

माणूस मेला की एकदम इतका चांगला कसा होतो, सांगाल का मला?

मी थडग्यावरचा एक दगड बोलतोय. नेदर वोल्डिंग गावच्या चर्चच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यावर कोरलंय, 'जेथ्रो गोस्लिंग. प्रेमळ पती, सज्जन शेजारी.' खरं तर जेथ्रो डुकरं पाळायचा, बायकोवर खेकसायचा आणि शेजाऱ्याची सफरचंदं आपलीच समजायचा. पण त्याच्या बायकोनं जे सांगितलं, तेच पाथरवटानं माझ्या छातीवर कोरलं. आमच्या आवारात वाईट माणूस एकही पुरलेला नाही. ते सगळे बाहेरच हिंडत असावेत.

पुष्कळ वर्षं मी जेथ्रोच्या उशाशी इमानानं उभा होतो. त्याची बायको आधी रोज यायची, मग फक्त रविवारी, मग तिलाही शेजारीच आणून ठेवलं. पुढं कुणी आलं नाही. अंगावर शेवाळ चढलं.

मग चर्चच्या समितीला आमची अडचण व्हायला लागली. गवत कापायचं यंत्र आमच्यामधून वळेना. समितीतल्या मिसेस व्हिटकम यांनी ठराव मांडला आणि आम्हा सगळ्यांना उपटून भिंतीशी ओळीनं उभं केलं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखं. जेथ्रो राहिला तिकडं हिरवळीखाली. हिरवळ मात्र देखणी झाली.

यंदा वसंतात जॅनिस गोस्लिंग आली. तिचे वडील अनाथाश्रमात वाढलेले. जाताना एवढंच म्हणाले होते, "मला माझ्या माणसांशेजारी ठेव." पण आपली माणसं कोण, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. जॅनिसनं बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, दफनांच्या जुन्या नोंदी धुंडाळत आमच्या गावापर्यंत माग काढला. वडिलांची रक्षा गाडीत होती. सोबत भाऊ नेव्हिल. पूर्वज सरदार निघणार या भरवशावर त्यानं कपांवर सिंहाचं घराणेचिन्हसुद्धा छापून घेतलं होतं.

"डुकरं?" तो म्हणाला. "नीट बघितलंस ना? घोडे असतील."

"डुकरंच. सफरचंदं चोरली म्हणून जेथ्रोंना न्यायाधीशापुढंही उभं केलं होतं."

"मग माझ्या सिंहाचं काय करू?"

"चहा पी त्यातून."

जॅनिसनं गुडघे टेकून माझ्यावरचं शेवाळ हातानं पुसलं. "बाबा, सापडली हो तुमची माणसं," ती हळूच म्हणाली. "उद्या इथंच ठेवते तुम्हाला."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, इथं कुणी नाही! पण दगडाला तोंड कुठलं?

तोंड होतं मिसेस व्हिटकम यांना. त्या शेजारीच उभ्या होत्या, आता काठी टेकत. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण आमच्या गावात चुकीच्या जागी पुरणं एकवेळ चालतं, कुणाची चूक तोंडावर दाखवणं नाही.

"हवा काय सुरेख आहे, नाही?" त्या म्हणाल्या. मग "चहा घेता का?" मग "केक आहे, लिंबाचा."

नेव्हिल खड्ड्यासाठी जमीन मापायला लागला, तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "माफ करा हं, अगदीच किरकोळ गोष्ट आहे. तो इथं नाहीये."

"कोण?"

"जेथ्रो. जत्रेत आम्ही केकचं टेबल मांडतो ना, त्याखाली आहे. बहुतेक."

"बहुतेक?"

"टेबलाच्या डाव्या अंगाला. नक्की. दगड मीच हलवायला लावले होते."

आता जॅनिस कडाडणार, असं मला वाटलं. पण तीही रक्तानं इथलीच. "माफ करा, मीच आधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"छे छे, माफी मी मागायची."

"तुमचं माफ करून झालं की सांगा," नेव्हिल म्हणाला, "मी कुदळ घेऊन उभा आहे."

जॅनिस हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "बरं झालं बोललात. नाहीतर बाबा परत एकटेच पडले असते."

तर मंडळी, पूर्वजांना शोधायला निघाल तेव्हा आम्हा दगडांवर फार विसंबू नका. लोक उभं करतील तिथं आम्ही उभे राहतो आणि कोरतील ते बोलतो. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या आजीबाईंना विचारा. त्या हवेबद्दल बोलायला लागल्या, तर चहाला नाही म्हणू नका, थोडं थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॅनिसनं वडिलांची रक्षा हिरवळीत जेथ्रोशेजारी पुरली, नेव्हिलनं वर माती लोटली, आणि माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.