शालनची उंची

रंगरावांनी मटण खाल्लं की त्यांची बायको शालन पेरभर बुटकी व्हायची. मिरजेत त्यांच्या आळीला हे ठाऊक होतं, पण कुणी विषय काढत नसे. मसाल्याचा डबा वरच्या फळीवरून मधल्या फळीवर आला, मग ओट्याखाली. कपडे वाळत घालायची दोरी रंगरावांनी स्वतःहून खाली बांधली. तेवढंच त्यांना जमलं.

शेवटी ते तिला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी दोघांचेही फोटो काढले. शालनचा जवळजवळ कोरा निघाला. रंगरावांच्या फोटोत हाडांच्या आत आणखी हाडं होती.

"मटण-अंड्यांनी रक्तात आम्ल वाढतं," बाई म्हणाल्या. "ते मारायला माणूस आपल्या हाडांतला चुना काढतो. तुम्ही यांच्या हाडांतला काढता."

"परत देता येईल?"

बाईंनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

रंगरावांनी मटण सोडलं. दोडका, भोपळा, माठाची भाजी. शालन होती तेवढीच राहिली. पण रविवार आला की त्यांच्या ताटाकडे बघून म्हणायची, "तुमच्या तोंडाची चव गेली, तर माझ्या तरी घशाखाली घास कसा उतरावा?"

एका रविवारी ते भाजी आणायला म्हणून निघाले आणि स्टेशनाजवळच्या खानावळीत शिरले. इतक्या रविवारांचं मटण एकदम खाल्लं. हात साबणानं घासून धुतले, बडीशेप चघळली. घरी आले तर शालन पाटावर उभी राहून लोळणाऱ्या निऱ्या वर खोचत होती.

"बाहेर जेवलात?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आणखी एक निरी खोचली. रंगरावांच्या गुडघ्यात काहीतरी जड येऊन बसलं. ते तिचं होतं.

सकाळी जाग आली ती रश्शाच्या वासानं. शालन ओट्यावरच उभी होती, रात्रीतून पातेल्याएवढी झालेली.

"बाहेरचं तेल चांगलं नसतं," ती म्हणाली. "खायचंच तर घरचं खा."

"शालन, नको."

बोलता बोलता त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याची इतकी लाज वाटली की डोळेही भरून आले. शालननं दोन्ही हातांनी पळी उचलली आणि फुंकर घालून निववली. चवड्यांवर उभी राहिली, तरी पळी त्यांच्या तोंडापर्यंत पोचेना.

म्हणून रंगराव वाकले.