बारशाचा वाळा

वाळ्याच्या आतल्या बाजूला गुलाबी कागदाचा एवढासा तुकडा चिकटला होता. दर्शनाने तो नखाने काढायला बघितला, निघेना... सोनार चांदी ज्यात गुंडाळून देतात, तोच कागद. म्हणजे वाळा कालचाच. लालबागच्या नाक्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत वर्गातल्या अपेक्षाची आई धावत गेली असेल, कामावरून आलेल्या साडीतच, आणि म्हणाली असेल, लहान बाळाचा वाळा दाखवा हो. बारसं कोणाचं, असं सोनाराने विचारलंच असेल. काय सांगितलं असेल तिने?

टेबलावर सहावी ‘ब’ची सगळी बारशी पसरली होती. राहुलची कुंची, तिला अजून डांबरगोळ्यांचा वास. विनीतचे वाळे तव्यासारखे काळे. कुणाचं दुपटं, कुणाचा फोटो. आणि मधे हा एकच वाळा, लख्ख, नवाकोरा. मुलं डबे खायला बाहेर गेली होती, आणि दर्शना स्वतःचा डबा न उघडता त्या वाळ्याकडे बघत बसली होती. शहाणी गं तू, ती मनात स्वतःलाच म्हणाली, फार शहाणी.

शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात शेवंतीबाई, अपेक्षाची आई, मुद्दाम भेटायला आली होती. वर्गाच्या दाराशीच उभी राहिली, आत यायला तयार नाही. "बाई, पोरगी आमची पोटची नाय. दीड वर्साची होती, संस्थेतून आणली. तिला ठाऊक नाय. दहावी झाली की आमीच सांगू... तुमच्या कानावर घालून ठेवते, उद्या कोण कायबाय बोललं तर सांभाळून घ्या." दर्शनाने तिचा हात हातात घेतला होता. निश्चिंत राहा, म्हणाली होती. आणि शेवंतीबाई खरंच निश्चिंत होऊन गेली होती, हेच आता आठवू नये असं वाटत होतं.

मग ही कादंबरी आली. दत्तक आलेल्या मुलीची — कोळीवाड्यातल्या घरात आलेली सहा वर्षांची चैत्राली, उद्या जेवण मिळेल याची खात्री नाही म्हणून उशीखाली भाकरीचा तुकडा लपवणारी. शेवटच्या तासाला दर्शना ती वर्गात मोठ्याने वाचायची. अपेक्षासाठीच निवडली, असं ती स्वतःला बजावत होती. पुढे कधी कळलं तर पोरीला हे आठवेल, आधार वाटेल... खरंच? मग भाकरीचा तुकडा आला की माझी नजर तिसऱ्या बाकाकडे का जायची? तिच्या चेहऱ्यावर काय शोधत होते मी? किती हळुवारपणे हाताळतेय, असं माझं मलाच कौतुक वाटत होतं. शिक्षकांच्या सभेत या उपक्रमावर बोलायचं, हेही मनात ठरवून झालं होतं. लाज वाटायला हवी.

आणि काल तो बारशाचा प्रसंग. पाळण्यात मावत नाही म्हणून चैत्रालीला आत्याच्या मांडीवर बसवतात, आत्या कानात नाव सांगते, आणि बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. वर्ग खिदळला. अपेक्षाही हसली. त्या भरात दर्शना बोलून गेली, उद्या सगळ्यांनी आपापल्या बारशाची एकेक वस्तू आणा, आणि कानात नाव कुणी सांगितलं तेही घरी विचारून या. जीभ कशी झडली नाही! दीड वर्षाची आलेली मुलगी... नाव घेऊनच आलेली. जिच्यासाठी म्हणून पुस्तक, नेमकी तीच त्या क्षणी आठवली नाही.

आज सकाळी अपेक्षा उभी राहून म्हणाली होती, "रखमाआत्याने सांगितलं नाव. चाळीच्या गॅलरीत बारसं झालं, सगळा मजला जेवला." वर्गाने टाळ्या वाजवल्या. दर्शनानेही वाजवल्या.

"बाई..."

दारात अपेक्षा. डबा तसाच, झाकण न उघडलेला.

"बाई, चांदी काळी पडते ना?"

"पडते. म्हणजे... कापसात जपून ठेवली तर नाही पडत. आईने ठेवली असेल जपून." खोटं किती सहज आलं.

अपेक्षाने वाळा उचलला, गुलाबी तुकड्यावर अंगठा फिरवला.

"काल आई भाजी आणायला गेली, आणि भाजी न घेताच आली. मग बाथरूममध्ये जाऊन आत्याला फोन केला. नळ सोडून. बाई, आईला सांगू नका हं."

"काय?"

"मला कळलं ते. काय ते सगळं नाही कळलं... पण बारसं झालं नाही, एवढं कळलं. तिला कशाला सांगायचं? किती धावपळ केली तिने." आणि मग, जणू दर्शनालाच धीर द्यावा तसं, "आईच म्हणते, बाईंना काहीपण सांगावं. त्यांच्या पोटात राहतं."

दर्शनाने तिचा हात हातात घेतला — तसाच, त्या दिवशीसारखाच — आणि तेच शब्द ओठांपर्यंत आले. निश्चिंत राहा... ते बाहेर पडेनात. तिने नुसती मान हलवली. कशासाठी हलवली, कुणाला वचन दिलं, आईला की लेकीला, तिचं तिलाच कळेना.

घंटा झाली. मुलं आत घुसली, आपापली बारशी उचलून दप्तरात कोंबू लागली. "बाई, आज आत्ताच वाचा ना! चैत्रालीचं पुढे काय होतं?" दर्शनाने पुस्तक उघडलं. तिसऱ्या बाकाकडे बघायची तिची हिंमत होईना. आणि आता तिथून कुणीतरी आपल्याच चेहऱ्यावर काहीतरी शोधतंय, हे तिला मान वर न करताही कळत होतं.