पुठ्ठ्यावरचा थेंब

माझं तोंड फटकळ, हे आमच्या शीळफाट्याच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा मला कधी त्रास होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आम्ही बसच्या दारांचे पत्रे चिकटवतो. दोन डब्यांतला गम मापाने मिसळायचं काम सव्वीस वर्षं सखारामकाकांकडे. उरलेला एक थेंब ते पुठ्ठ्यावर ठेवायचे, शेजारी पेन्सिलने तारीख घालायचे आणि थेंबात नख रुतेना झालं की पत्रे दाबून धरणारी प्रेस उघडायला सांगायचे. मग अल्ट्रासाउंडचं मशीन आलं. पत्र्यावर जेल लावायचं, वर सेन्सर ठेवायचा. आतला गम घट्ट होईल तसा आवाज त्यातून भरभर जातो आणि स्क्रीनवरचा आकडा चढतो. चढायचा थांबला की काम झालं. मशीन माझ्या ताब्यात, त्यामुळे मी हवेतच.

त्या मंगळवारी आकडा थांबला. काका म्हणाले, अजून अर्धा तास जाऊ द्या. मी कसली ऐकतेय! प्रेस उघडायला लावली. आठवड्याभरात चाळीस दारांचे पत्रे सुटले. मशीन चुकणार नाही, म्हणजे माप चुकलं, असं मीच ठरवून टाकलं. काका त्या मंगळवारचा पुठ्ठा दाखवायला आले, तर तो हातातून ओढून मी कचऱ्यात टाकला.

"माप दिसत नसेल तर घरी बसा, काका," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

ते घरीच बसले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत.

याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात आकडा पुन्हा तसाच थांबला आणि का कोण जाणे, मी सेन्सर उचलून बघितला. खालचं जेल वरच्या दिव्याच्या उष्णतेने पापडासारखं वाळलेलं. जेल वाळलं की मशीनला आतलं काही कळत नाही, ते शेवटचाच आकडा दाखवत बसतं. म्हणजे त्या मंगळवारीही हेच झालं असणार.

रविवारी शहाडला त्यांच्या घरी गेले. काकांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून तोच पुठ्ठा काढला. कचऱ्यातून उचलून नेलेला. नख लावून बघा, म्हणाले. थेंब दगडासारखा. माप चुकलं असतं तर तो मऊच राहिला असता. त्यांचं माप बरोबर होतं. मला रडूच फुटलं. चुकलं माझं, परत या, म्हटलं. आता नाही जमायचं, ते म्हणाले.

"सगळ्यांसमोर बोललात ना मॅडम, मग सगळ्यांसमोरच सांगा. तेवढंच."

सोमवारी कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी पुठ्ठा हातात धरून मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पण आमच्याकडची माणसं कंत्राटी, दोन वर्षांत सगळी बदललेली. गम मिसळणारा नयनसुद्धा गेल्या वर्षीचा. माझं बोलून झाल्यावर त्यानेच विचारलं, सखारामकाका म्हणजे कोण?

संध्याकाळी काकांचा फोन आला. सांगितलं, म्हटलं.

"कोण कोण होतं?"

महेंद्र होता, मी म्हणाले. गुणाजी होता. नीला होती. एकेक जुनं नाव मी घेत गेले.